अंगणवाडीच्या भिंतीवरील कागदी फुलपाखरू

धाराशिव जिल्ह्यात मृगाच्या सरी पडून गेल्या आणि रानातील सोयाबीन, उडीद, तूर ही पिके वीतभर वर आली, की बांधावरील रुईच्या झुडपांवर आणि टाकळ्याच्या ताटव्यांवर फुलपाखरांची ये-जा सुरू होते. उन्हाळ्यात करपलेल्या या अवर्षणप्रवण मुलखात श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ हा फुलपाखरांचा काळ होय. याच सुमारास अनेक अंगणवाड्यांच्या आणि प्राथमिक शाळांच्या भिंतींवरही कागदाची फुलपाखरे दिसू लागतात. कागद स्वस्त, कृती सोपी आणि विषय मुलांच्या आवडीचा. त्यामुळे तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांसाठी जे हस्तव्यवसाय सुचविले जातात, त्यांत कागदी फुलपाखराचा क्रमांक नेहमीच वरचा लागतो.

मात्र भिंतीवरील ही फुलपाखरे कोणाच्या हातची आहेत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पंख एकसारखे कापलेले, टिकल्या रेषेत चिकटविलेल्या, मिशा एकाच मापाच्या, अशी फुलपाखरे जेथे दिसतात तेथे ती सेविकेने किंवा शिक्षिकेने रात्री घरी बसून तयार केलेली असण्याचा संभव अधिक. बालकाने केलेले फुलपाखरू तसे नसते. त्याचा एक पंख मोठा आणि एक लहान असतो, घडी तिरपी गेलेली असते, खळीचे डाग पडलेले असतात. शिक्षणाच्या दृष्टीने मोल आहे ते या दुसऱ्या फुलपाखराला. पहिले भिंतीची शोभा वाढवील; परंतु त्याने कोणा बालकाच्या बोटात बळ आल्याचे ऐकिवात नाही.

घडीच्या कागदाची परंपरा

कागदाच्या घडीला बालशिक्षणात स्थान मिळवून देण्याचे श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांना दिले जाते. त्यांनी १८३७ मध्ये ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला बालोद्यान हे नाव दिले. त्यांच्या पद्धतीत कागद दुमडणे, कापणे, विणणे हे मुलांचे नित्याचे उद्योग होते. कागदाला आकार देण्याची कला त्याहून पुष्कळ जुनी आहे. जपानात विवाहप्रसंगी मद्यपात्रांना नर आणि मादी फुलपाखरांच्या कागदी घड्या बांधण्याचा प्रघात शतकानुशतके चालत आला आहे.

आपल्या देशातही या विषयाचा एक अभिमानास्पद दाखला आहे. मद्रास इलाख्यातील महसूल खात्यात नोकरी करणारे टी. सुंदरराव यांनी केवळ कागदाच्या घड्यांतून भूमिती कशी शिकविता येते हे दाखविणारे एक इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केले. बालोद्यानातील घडीच्या कागदांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. फेलिक्स क्लाईन या ख्यातनाम जर्मन गणितज्ञाने या पुस्तकाची दखल घेतली आणि पुढे अमेरिकेतही त्याची आवृत्ती निघाली. महसुलाच्या दप्तरातून वेळ काढून कागदाच्या चौकोनावर इतका विचार करणारा अधिकारी आपल्याकडे होऊन गेला, ही गोष्ट आजच्या अधिकारीवर्गालाही कौतुकाची वाटावी.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा विचार खेड्यापर्यंत नेला. नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरी बालमंदिरातील महागडी साधने खेड्यात आणणे शक्य नव्हते. आणि तशी गरजही नाही, असे या दोघींनी कृतीने दाखवून दिले. शिंपले, बिया, पाने, माती, काड्या हीच तेथील साधने ठरली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या प्रयोगातून अंगणवाडी ही कल्पना पुढे आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या सहा सेवांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आरोग्य व आहारशिक्षण यांच्या बरोबरीने अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षणाचाही समावेश करण्यात आला. आहार मोजता येतो, वजन काट्यावर दिसते, लस नोंदवहीत लिहिता येते. पूर्वप्राथमिक शिक्षणाचे तसे नाही, आणि म्हणूनच ते मागे पडण्याचा धोका सर्वांत अधिक असतो.

हाताची तयारी

अंगणवाडीत मूल गेले की त्याने लवकरात लवकर अ, आ आणि एक ते शंभर लिहावे, अशी पालकांची अपेक्षा असते. ती समजण्यासारखी आहे. शेतमजुराच्या घरातील आईला मुलाच्या पाटीवरील अक्षर हीच त्याच्या शिक्षणाची खूण वाटते. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे आणि मनगटाचे स्नायू लेखनास पुरेसे तयार झालेले नसतात. पेन्सिल मुठीत घट्ट धरून, दात आवळून गिरविलेले अक्षर हाताला शिणवते आणि पुष्कळदा लेखनाविषयी नावडही निर्माण करते. चिमटीत धरणे, दाबणे, फाडणे, दुमडणे, ओवणे या क्रिया हीच लेखनाची खरी पूर्वतयारी होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ मध्ये त्या टप्प्यासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही प्रसिद्ध झाला. खेळ आणि हाताने करावयाच्या कृती यांवरच त्याचा भर आहे. शेणामातीत, चुलीपुढे आईच्या हाताखाली वाढलेल्या खेड्यातील मुलांना यातील पुष्कळ क्रिया घरीच येतात, ही गोष्ट मात्र असे आराखडे वाचताना विसरली जाते. शेंगा फोडणारे, हरभऱ्याचे घाटे सोलणारे पाच वर्षांचे मूल कागदाची घडी शहरी मुलापेक्षा कमी कौशल्याने घालील, असे मानण्याचे कारण नाही. त्याला उणीव असते ती फक्त कागदाची.

तीन वर्षांच्या मुलाला कात्री देण्याची घाई करू नये. त्याने आधी कागद चुरगाळावा, मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून फाडावा. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा जातो, हे त्याला आपोआप कळते. वर्तमानपत्रावर ही गंमत फार चांगली दिसते. असे फाडलेले कपटे सेविकेने आखलेल्या मोठ्या पंखांवर चिकटविणे, हेच या वयातील फुलपाखरू. चौथ्या वर्षी बोथट टोकाच्या कात्रीने कडेला छोटे छोटे काप घेता येतात आणि एक सरळ घडी घालता येते. पाचव्या वर्षाच्या सुमारास रेषेवरून कापणे आणि एकापुढे एक घड्या घालणे जमू लागते. हे टप्पे प्रत्येक मुलात थोडे पुढेमागे होतात. तक्ता भिंतीवर लावून मुलांना त्यात बसविण्याचा खटाटोप करू नये. डावखुऱ्या मुलाच्या हातातील कात्री काढून ती उजव्या हातात देण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळावा.

पंख्याच्या घडीचे फुलपाखरू

सर्वांत सोपे आणि हमखास जमणारे फुलपाखरू म्हणजे पंख्याच्या घडीचे. वहीच्या एका पानाचे दोन भाग करावेत, एक मोठा व एक लहान. मोठ्या भागाचे पुढचे पंख होतात आणि लहान भागाचे मागचे. प्रत्येक भागाला मुलाच्या दोन बोटांइतक्या रुंदीच्या, एक पुढे व एक मागे अशा घड्या घालावयाच्या. मग दोन्ही पट्ट्या मधोमध एकत्र धरून दोऱ्याने बांधल्या आणि टोके हलकेच उलगडली, की चार पंख पसरतात.

वाचताना ही कृती क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात पाच वर्षांची बहुतेक मुले पहिल्या प्रयत्नात पंखा न करता कागदाची वळकटी करतात, कारण प्रत्येक घडी ती एकाच बाजूला घालीत जातात. “एक पुढे, एक मागे” असे सांगून या वयात उपयोग होत नाही; पुढे आणि मागे हे शब्द मुलाला स्वतःच्या शरीराच्या संदर्भात कळतात, कागदाच्या संदर्भात नव्हे. यावर एक साधा उपाय आहे. घडी नेहमी एकाच दिशेने, स्वतःकडे घालावयाची. मात्र प्रत्येक घडीनंतर कागद पालथा करावयाचा. घाल घडी, कर पालथा, घाल घडी, कर पालथा, अशी लय मुलांच्या तोंडी बसली की हात चुकत नाही. घडी घातल्यावर तिच्यावरून अंगठ्याचे नख फिरविण्याची सवयही याच वेळी लावावी. नख न फिरविलेली घडी पुन्हा उघडते आणि मूल नाराज होते.

दोऱ्याची गाठ पाच वर्षांच्या मुलाला सहसा मारता येत नाही, आणि वीस मुलांच्या वीस गाठी मारण्यात सेविकेचा सारा वेळ जातो. धाराशिवसारख्या ज्वारीच्या जिल्ह्यात याला एक घरचा पर्याय आहे. कडब्याच्या धाटाची साल काढली की आत मऊ, पांढरे भेंड मिळते. याच भेंडाच्या गाड्या आणि बैल करून मराठवाड्यातील मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली आहेत. भेंडाच्या बोटभर लांबीच्या तुकड्याला मधोमध चीर द्यावी आणि घडीच्या पट्ट्या तीत खोवाव्यात. गाठ लागत नाही, खळ लागत नाही आणि फुलपाखराला अंगही मिळते. धाटाची साल मात्र पात्यासारखी धारदार असते व बोटे कापते. म्हणून साल काढणे व चीर देणे ही दोन्ही कामे मोठ्या माणसानेच करावीत. मिशांसाठी केरसुणीची काडी वापरण्याची पद्धत आहे, पण तिचे टोक शेजारच्या मुलाच्या डोळ्याला लागू शकते. त्यापेक्षा कागदाची चिंचोळी पट्टी घेऊन तिचे टोक पेन्सिलीवर गुंडाळून सोडावे. फुलपाखराच्या मिशांची टोके गाठीसारखी जाड असतात आणि पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा दोऱ्यासारख्या असतात, हा फरक पुढे सांगावयाचा असल्याने मिशांच्या टोकाला गुंडाळी असणे उपयोगी पडते.

ठशाचे फुलपाखरू

दुसरा प्रकार रंगाचा. पाठकोरा कागद मधोमध दुमडून उघडावा. घडीच्या एकाच बाजूला मुलाने बोटाने रंगाचे ठिपके व रेघोट्या काढाव्यात आणि कागद पुन्हा मिटून घडीकडून बाहेरच्या बाजूला तळहाताने दाबीत न्यावा. उघडल्यावर दुसऱ्या बाजूला तेच चित्र उमटलेले दिसते. येथे सेविकेने घाई न करता एक गोष्ट करावी: कागद उघडण्यापूर्वी, “आत काय झाले असेल?” असे विचारावे. एका बाजूचा ठिपका दुसऱ्या बाजूला किती अंतरावर उमटेल, वरचा वर राहील की खाली जाईल, याविषयी मुले अटकळ बांधतात आणि उघडून पडताळून पाहतात. सममिती हा शब्द त्यांना पुष्कळ वर्षांनी भेटेल. तिचा अनुभव आज मिळतो. रंग वाळल्यावर घडी मिटूनच अर्ध्या पंखाच्या रेषेवरून कापले, की दोन्ही पंख सारखे निघतात, आणि ते सारखे का निघाले हे मुलाला सांगावे लागत नाही.

रंगासाठी बाजारात जाण्याची आवश्यकता नाही. हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा आणि कोळशाच्या पुडीचा काळा हे तीन रंग प्रत्येक गावात आहेत. फाल्गुनात पळस फुलला की त्याची फुले रात्रभर पाण्यात भिजवून केशरी रंग मिळतो. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडताच ते लाल होते, हा चमत्कार मुलांना अवश्य दाखवावा. परंतु चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून तो सेविकेच्याच हाती असावा.

चिकटविण्यासाठी गव्हाच्या पिठाची पातळ खळ उत्तम. ती रोजची रोज शिजवावी. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याचा जुना प्रघात आहे. मोरचूद विषारी आहे आणि लहान मुलांची बोटे वारंवार तोंडात जातात. म्हणून मुलांच्या खळीत ते कदापि घालू नये.

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी याच फुलपाखराचा एक पुढचा प्रकार करता येतो. जाड पुठ्ठ्याचे फुलपाखरू असे कापावे, की पुढच्या पंखांची टोके डोक्याच्याही पुढे यावीत. त्या टोकांखाली ओल्या मातीच्या लहान, सारख्या गोळ्या चिकटविल्या, की ते फुलपाखरू केवळ डोक्याच्या टोकावर बोटाच्या शेंड्यावर तोल सावरून राहते. गोळ्या काढल्या की पडते. वजन कोठे आहे यावर तोल अवलंबून असतो, ही गोष्ट येथे हातानेच कळते. यासाठी पेढ्यांची रिकामी खोकी चांगली. खव्या-पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुंथलगिरीच्या या जिल्ह्यात ती न मिळण्याचे कारण नाही.

कागदाकडून बांधाकडे

कागदी फुलपाखराचा उद्योग खऱ्या फुलपाखराशी जोडला नाही, तर त्याचे अर्धे मोल वाया जाते. बहुतेक नमुन्यांत फुलपाखराला दोनच पंख दाखविले जातात आणि ते थेट पोटाला चिकटविले जातात. प्रत्यक्षात पंख चार असतात, पाय सहा असतात, आणि ते सर्व डोके व पोट यांच्या मधल्या भागाला, छातीला जोडलेले असतात. मुलांनी आधी फुलपाखरू पाहावे आणि मग करावे, असा क्रम ठेवल्यास ही चूक आपोआप टळते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राणी पाकोळी, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, हे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेले हे देखणे फुलपाखरू प्रामुख्याने सह्याद्रीच्या दाट, ओलसर झाडीत रमणारे आहे. त्याचे चित्र वर्गात लावण्यास हरकत नाही. पण शिक्षणाचा आरंभ अंगणवाडीपासून शंभर पावलांवर जे दिसते त्यापासून व्हावा.

पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला उगवणारी रुई या दृष्टीने फार उपयुक्त आहे. तिच्या पानांवर पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडते. तिचेच पुढे नारिंगी पंखांचे, काळ्या किनारीवर पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू होते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास उबदार हवेत सुमारे तीन-चार आठवड्यांत पुरा होतो, म्हणजे एका महिन्यात मुलांना तो डोळ्यांदेखत पाहता येतो. रुईच्या पानातील विषारी द्रव्य अळीच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही राहते. त्यामुळे बहुतेक पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असल्याने मुलांनी पाहावे, पान तोडू नये. ज्या घराच्या परसात लिंबाचे झाड आहे तेथे दुसरी अळी मिळते. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. टाकळ्यावरील लहान पिवळी फुलपाखरे तर कोणत्याही गावात आहेत.

येथे एक अडचण येते आणि ती टाळून चालणार नाही. या जिल्ह्यातील मुलाने अळी हा शब्द ऐकलेला असतो तो फवारणीच्या संदर्भात. तुरीवर, हरभऱ्यावर घाटेअळी पडली म्हणजे घरात चिंता असते. अळी म्हणजे शत्रू, हे त्याला पाटी हाती येण्याआधी ठाऊक असते. अशा मुलाला “अळीचे सुंदर फुलपाखरू होते” एवढेच सांगितले, तर ते गप्प राहील पण मानणार नाही. घाटेअळीचा पतंग होतो, रुईवरील अळीचे फुलपाखरू होते, लिंबावरील अळी पाने खाते पण तिचेही फुलपाखरू होते. प्रत्येक अळीचे खाणे वेगळे आणि पुढचे रूपही वेगळे, असे खरे ते सांगावे. पाच वर्षांच्या मुलाला ते समजते.

जिल्ह्यात तुतीची लागवड करून रेशीमकोष घेणारे शेतकरी आहेत. त्यांच्या घरची मुले या विषयात वर्गाचे शिक्षकच ठरतात. रेशीमकिडा स्वतःभोवती धाग्याचा कोष विणतो, फुलपाखराची अळी मात्र तसे धाग्याचे घर करीत नाही. तिची कातडीच शेवटची टाकली जाऊन आत कोषाचे कवच तयार होते. ते एखाद्या काडीला टांगलेले असते. पावसाळ्यात अशा एखाद्या काडीसमोर दहा मिनिटे शांत बसलेली मुले पाहिली, की लहान मुलांचे लक्ष टिकत नाही ही तक्रार तितकीशी खरी वाटत नाही.

हे सारे पुन्हा कागदावर आणता येते. तांदळाचा दाणा चिकटवून अंडे, पट्टीला पंख्याची घडी घालून अळी, कागदाची सुरळी म्हणजे कोष, आणि शेवटी फुलपाखरू. चारही गोष्टी एका दोरीवर क्रमाने अडकविल्या, की मुले ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगू लागतात. हे शब्द घरचे असू द्यावेत. उमरग्याच्या सीमेलगतच्या गावांत कोणी मूल कन्नडमध्ये चिट्टे म्हणेल, कोणी उर्दूत तितली म्हणेल, तांड्यावरचे मूल आपल्या बोलीतील शब्द आणील. सेविकेने ते सर्व ऐकावेत आणि त्यांच्याबरोबर फुलपाखरू हा शब्दही द्यावा.

कागद कोठून आणावा

हा उद्योग खर्चाचा नाही, तरी त्याला काही लागतच नाही असेही नव्हे. शाळा, ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय येथील पाठकोरे कागद, जुन्या दिनदर्शिकेची पाने, लग्नपत्रिका हे साहित्य महिनाभर साठविल्यास वर्गाला पुरते. पोळा, गौरी-गणपती आणि लगीनसराई यांत उरलेला घोटीव कागद व बाशिंगाची बेगड गावातील घरांतून मागून घेता येते. एक पथ्य मात्र अत्यंत कडकपणे पाळावे. कीटकनाशकांची व तणनाशकांची खोकी, बाटल्यांची वेष्टने, खतांच्या पिशव्या यांचा मुलांच्या कोणत्याही उद्योगासाठी वापर होऊ नये. पुठ्ठा जाड व रंगीत असतो म्हणून तो हाती घेण्याचा मोह होतो. त्यावर सांडलेल्या औषधाचा अंश डोळ्यांना दिसत नाही.

विकत घ्यावी लागतात ती बोथट कात्री, थोडे रंगीत कागद आणि भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधावयाची दोरी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्यातून आठ-दहा कात्र्या आणि वर्षभराचा कागद सहज निघू शकतो. सतरंज्या, पाण्याची टाकी यांच्या मानाने ही मागणी इतकी लहान आहे की ती बैठकीत कोणी मांडतच नाही. सदस्यांनी ती स्वतःहून मांडावयास हवी.

मनुष्यबळाची अडचण खरी आहे. पंचवीस मुलांपुढे एक सेविका असते आणि तिच्यावर नोंदी, गृहभेटी, आहार यांचा भार असतो. एका वेळी सर्वांच्या हाती कात्री देणे शक्य नाही व सुरक्षितही नाही. सात-आठ मुलांनी घडीला बसावे, बाकीच्यांनी मदतनिसाबरोबर अंगणात खेळावे, आणि गट आळीपाळीने बदलावेत. आठवड्यातून एकदा अर्धा तास एवढे पुरे. एखादी आजी किंवा तिसरी-चौथीतील थोरली बहीण हाताशी असली तर काम फार सोपे होते.

तपासणीच्या वेळी काय पाहावे

सुबक भिंतीचा आग्रह मुलांकडून येत नाही. तो भेटीला येणाऱ्यांकडून येतो. पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी, विस्तार अधिकारी किंवा पदाधिकारी अंगणवाडीत आले, भिंत पाहून समाधान व्यक्त करून गेले, की पुढच्या भेटीपूर्वी सेविका पुन्हा रात्री जागून फुलपाखरे कापते. दोष तिचा नाही. तिचे मूल्यमापन ज्यावर होते ते ती करते. धाराशिव जिल्ह्याचा समावेश २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला, तेव्हापासून भेटी व आढावे यांचे प्रमाण वाढणे स्वाभाविक होते. अशा वेळी भेट देणाऱ्याची नजर कोठे जाते याला विशेष महत्त्व येते. भिंतीऐवजी एखाद्या मुलाजवळ बसून, त्याच्या हाती वहीचे पान देऊन, “मला एक करून दाखवतोस का?” एवढे म्हटले, तर त्या अंगणवाडीत काय चालते हे पाच मिनिटांत कळते. प्रत्येक फुलपाखरामागे मुलाचे नाव व दिनांक लिहिलेला असावा, आणि श्रावणातील व माघातील फुलपाखरू शेजारी शेजारी ठेवून पाहता यावे. त्या दोन घड्यांतील फरक हीच प्रगतीची नोंद.

या जिल्ह्यात अशी नोंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे. वाशी, भूम, कळंब या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुले ज्या महिन्यांत अंगणवाडीत नसतात, नेमके त्याच महिन्यांत बाकीच्या मुलांचे हात पुढे जातात. अशा मुलांसाठी तळहाताचे फुलपाखरू करून ठेवावे. दोन्ही पंजे अंगठ्याला अंगठा लावून कागदावर ठेवावयाचे, भोवती पेन्सिल फिरवावयाची, आणि मधे धाटाचे अंग चिकटवावयाचे. निघण्यापूर्वी असे एक फुलपाखरू मुलाबरोबर द्यावे आणि एक दोरीवर राहू द्यावे. दोरीवरचे ते काढून जागा दुसऱ्याला देऊ नये. सोबत पाठकोऱ्या कागदांची एक लहान चळतही द्यावी. कोपीवर कागद मिळत नाही, आणि घाल घडी, कर पालथा एवढे त्याला आलेले असते. चैत्रात मूल परतले, की जुन्या पंजावर त्याचा हात ठेवून पाहावा. बोटे रेषेबाहेर आलेली असतात. मग नवा कागद घ्यावा आणि त्याच दिवशी दुसरे फुलपाखरू आखावे.